अस्सल चिनी बशी, पॅरिसची नक्कल की आजची प्रतिकृती?

गुलाबी फुलांची, सोनेरी काठाची जुनी चिनी बशी घ्यायला निघालात, तर एकाच नक्षीच्या तीन वस्तू समोर येतात. अठराव्या शतकात चीनने युरोपच्या बाजारासाठी घडवलेली अस्सल, पॅरिसच्या सॅमसन कारखान्याची नक्कल, आणि पोर्तुगालच्या व्हिस्टा अलेग्रेसारख्या कारखान्याची आजची प्रतिकृती. समोरून पाहून फसायला होतं, म्हणून आधी बशी उपडी करा.

अस्सल बशीच्या बुडाच्या कड्याला झिलई, म्हणजे भाजलेला काचेसारखा थर, नसते. झिलई संपते तिथे बहुधा मातीतल्या लोहाची नारिंगी-तपकिरी रेघ दिसते. तिरक्या उजेडात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा, मध्येच टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं. रंग झिलईवर लावून पुन्हा भाजलेले, त्यामुळे बोटाला उंचवटा लागतो. हा गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होतो आणि चीनमध्ये तो 1720 च्या सुमारास आला. गुलाबी फुलांची बशी कुणी 'सतराव्या शतकातली' म्हणून दाखवली, तर तिथेच थांबा.

सॅमसनचं काम 1845 मध्ये सुरू झालं आणि 1969 पर्यंत चाललं. तिथेही रंगकाम हातानेच होई. म्हणजे कुंचल्याचे फटकारे दिसले एवढ्यावरून बशी अस्सल ठरत नाही. सॅमसनची झिलई जास्त एकसारखी, गुळगुळीत असते. सॅमसनने केलेल्या चिनी बशांच्या नकलांच्या बुडाशी बहुतेकदा लाल रंगात चिनी शिक्क्यासारखी खूण असे. पुढे विकणाऱ्यांनी ती घासून काढल्याचीही उदाहरणं आहेत. बुडाशी झिलईचा एखादाच भाग निस्तेज दिसला, तर संशय घ्या. सॅमसन म्हणून, सॅमसनच्या भावात मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. कारागिरी उत्तम आहे.

आजच्या प्रतिकृतीवर चित्र छापील असेल तर 10 पट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी किंवा सपाट रंगाची धारदार कड दिसते.

जुन्या बशीत मुख्य धोका लपवलेल्या दुरुस्तीचा. बशी तीन बोटांवर तोलून नखाने हलकेच टिचकी मारा: धड बशी घणघणते, केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. अतिनील टॉर्च अंधारात धरली की भरलेला टवका आणि वरून दिलेला रंग वेगळा चमकतो. सुरीचे ओरखडेही पाहा. वापराचे ओरखडे मध्यभागी, सगळ्या दिशांना असतात. एकाच दिशेचे असतील तर ते मुद्दाम पाडलेले समजा.

जेवणात वापरायची असेल, तर अन्नासाठी सुरक्षित म्हणून विकलेली आजची प्रतिकृतीच घ्या. जुन्या रंगांत शिसं असतं आणि लिंबू, चिंच, कोकम, दही यांच्या आंबटपणाने ते सुटतं. संग्रहासाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे: निर्दोष नकलेपेक्षा तडा गेलेली अस्सल बशी बरी. तड्यामुळे किंमत बरीच उतरते, आणि बूड, झिलई, रंग शिकायला तीच कामी येते.

पोर्तुगीज व्यापारामुळे गोव्यातल्या जुन्या घरांत अशी भांडी आजही सापडतात. परदेशी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, मग ती आजीने दिलेली असो.

टांगताना स्प्रिंगची तारेची कडी नको. ती काठावर ताण देते आणि तिथेच टवका उडतो. लाकडी घोडीवर (स्टँडवर) ठेवा.