यू-व्हीने बेबल लॅपटॉपवर उभं केलं, पाच मिनिटांचं काम रात्री साडेअकराला संपलं

कारण अगदी क्षुल्लक होतं. बिलं छापायच्या एका स्क्रिप्टमध्ये मी बेबल वापरतो, म्हणजे तारखा, आकडे, रुपये त्या त्या भाषेच्या पद्धतीने मांडून देणारी पायथनची लायब्ररी. मराठी लोकेल (म्हणजे भाषेची सेटिंग) दिलं की लाखाचे स्वल्पविराम जिथल्या तिथे पडतात, पण अंक इंग्रजीच. म्हटलं बेबलचा सोर्स कोड उतरवून घेऊ नि आपणच खुडबुड करून बघू, आणि ते करायला या वेळी यू-व्ही हे टूल वापरू.

आत्तापर्यंत माझा कारभार असा की पायथनचं व्हर्जन पायएन्व्हकडून, एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) व्हेन्व्हकडून आणि पॅकेजेस पिपकडून. यू-व्ही हे तिन्ही एकटंच करतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलंय, रस्ट या भाषेत लिहिलेलं, आणि फुकट. मशीनवर पायथन ३.१२ नव्हतं तर ते स्वतःच जाऊन घेऊन आलं, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) नाही काही नाही. स्पीडबद्दल लोक जे सांगतात ते खरंय, पायटेस्ट (टेस्ट चालवायचं पॅकेज) वगैरे टाकायला सांगून पाण्याचा ग्लास उचलला तोवर झालं पण होतं!

मग माती खाल्ली ती मीच. हाताला सवय, एन्व्हायर्नमेंट चालू करून सरळ पिप इन्स्टॉल टाइप केलं. पण यू-व्हीच्या व्हेन्व्हमध्ये पिप नसतंच, ते मुद्दामच घालत नाहीत, मग धावलं लॅपटॉपच्या उबंटू सिस्टीमचं पिप आणि ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’, म्हणजे इथली पॅकेजेस सिस्टीम सांभाळते, तू हात लावू नको, म्हणून लाल अक्षरात ओरडलं. वीस मिनिटं मी उबंटूला शिव्या घालत होतो. पुढे ‘यू-व्ही’ लावून तीच कमांड दिली, डॅश ई आणि टिंब, झालं, एडिटेबल इन्स्टॉल. आता फोल्डरमधली फाइल बदलली की पुन्हा इन्स्टॉल करायला नको.

तरी बेबल चालेना. इम्पोर्ट होतं पण लोकेल मागितलं की डेटा फाइल्स नाहीत म्हणतं. भाषांचा सगळा डेटा सीएलडीआर या युनिकोडच्या संग्रहातून येतो आणि तो बेबलच्या गिटमध्ये, म्हणजे सोर्स कोडसोबत, ठेवलेला नसतो, सेटअप डॉट पाय या स्क्रिप्टला इम्पोर्ट सीएलडीआर सांगून आपणच आणायचा. गंमत म्हणजे काय करायचं ते त्या एररमध्येच लिहिलेलं असतं, मी शेवटची ओळ वाचलीच नव्हती. ती कमांड दिली तर तिला लागणारं सेटअपटूल्स हे पॅकेज सापडेना, कारण यू-व्हीच्या व्हेन्व्हमध्ये तेही नसतं. ते टाकलं, पुन्हा कमांड दिली, मग बराच वेळ भाषांमागून भाषा सरकत राहिल्या. इथे यू-व्हीचा स्पीड काय कामाचा!

यू-व्हीला पाचपैकी चार मार्क. एक कापला तो पिपच्या सवयीमुळे, आणि तो खरं तर माझाच कापायला हवा.

बेबलच्या नंबर्सच्या फाइलमध्ये शेवटी इंग्रजी अंकांचे मराठी करणारं एक ट्रान्सलेट लावलं आणि स्क्रीनवर आलं १२,३४,५६७. पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ बेबलमध्ये घ्या अशी विनंती, काही पाठवली नाही. ती पाठवायची तर अरबी, बंगाली अंक सगळेच बघावे लागतील, मला फक्त बिल छापायचं होतं.