अण्णांच्या हाताचा फिस्टुला: एक बंद पडला, एक चालला (5 पैकी साडेतीन)

आधीच सांगतो, हा भगंदरवाला फिस्टुला नाही. आत्यानं फोनवर पहिलं हेच विचारलं, "बसायला त्रास होतोय का रे त्याला?" हा डायलिसिसवाला, हातातली धमनी आणि शीर जोडतात तो. दोन्ही वेळा मिरजेत, एकाच हॉस्पिटलात केला. नाव टाकत नाही कारण अण्णांचं डायलिसिस अजून तिथंच चालू आहे आणि आठवड्यातनं तीनदा त्याच लोकांची तोंडं बघायची असतात.

ऑपरेशनबद्दल तक्रार शून्य. डाव्या मनगटाला केलं, उजवा हात जेवायला लागतो म्हणून. नुसता हात बधिर करतात, पूर्ण भूल नाही, दीड तास लागला आणि तेवढा वेळ अण्णा आत सर्जनशी ऊसदरावर भांडत होते म्हणे. संध्याकाळी चहा पिऊन घरी.

घोळ त्यानंतरचा. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, ड्रेसिंगची तारीख, आणि खाली इंग्लिशमध्ये 'फिस्टुलाची काळजी समजावली' अशा अर्थाची ओळ, तिच्याखाली माझी सही. कुणी समजावली, कधी, काय पत्ता नाही, सही मात्र माझीच आहे, दहा कागदांवर केल्या त्यातली एक. सिस्टर जाता जाता "वजन उचलू देऊ नका" एवढं म्हणाली, बास.

तर जे मला कुणी सांगितलं नाही ते इथं लिहितो. मशीनला मिनिटाला 300 मिलीच्या आसपास रक्त खेचायचं असतं, साध्या शिरेत तेवढं नसतंच. धमनीचं जोराचं रक्त शिरेत सोडलं की शीर हळूहळू फुगते, जाड होते, मग तिच्यात सुया घालता येतात. ब्राँक्समधल्या डॉक्टरांनी 1966 साली हे छापलं, अजून तीच युक्ती चालते. पण शीर तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, कधी जास्त, आणि तोवर गळ्यातल्या नळीवर भागवायचं. ती नळी म्हणजे जिवाला घोर, हुडहुडी भरून ताप आला की इन्फेक्शन रक्तात गेलं असं धरून पळायचं. आमची एक रात्र अशी गेलीय.

आणि मेन गोष्ट, जोडलेल्या जागी बोटं ठेवली की थरथर लागते, मांडीवर मांजर गुरगुरतं ना तशी. तिला थ्रिल म्हणतात, ती रोज सकाळ-संध्याकाळ बघायची. आम्ही 16 दिवस बघितलीच नाही. 17व्या दिवशी डायलिसिसच्या टेक्निशियननं अण्णांचा हात धरला, दोनदा बोटं फिरवली, कान लावला आणि मला म्हणाला, "दादा, थ्रिल कधीपासनं नाहीये?" मी म्हटलं, थ्रिल म्हणजे काय?

गुठळी झाली होती. लगेच कळलं असतं तर कधी कधी काढता येते, आमचं ते गेलं. सर्जन म्हणाले शुगर आहे, शिरा बारीक, मनगटाचा फिस्टुला असा बंद पडतो बऱ्याच जणांचा. मान्य. पण चार दिवस आधी चक्कर आली म्हणून कॅज्युअल्टीत नेलेलं तेव्हा ह्याच लोकांनी बीपीचा पट्टा त्याच डाव्या हाताला गुंडाळला होता, मी समोर उभा होतो. त्यानंच बंद पडला असं मी म्हणत नाही. पण त्या हाताला बीपी नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, घड्याळ नाही, उशाला घेऊन झोपणं नाही, हे कायमचं असतं, आणि मला ठाऊक असतं तर तिथं आरडाओरडा केला असता.

दुसरा फिस्टुला कोपराला. ह्या वेळी आधी डॉपलर, म्हणजे हाताची सोनोग्राफी, करून शिरा मोजल्या (1,800 रुपये खिशातनं, डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलंय). पहिल्या वेळी नुसतं रबर बांधून बघितलेलं. सर्जननी पण खुर्ची ओढून वीस मिनिटं सांगितलं. काका, कोपराचा चालायचा चान्स जास्त, पण रक्त मधल्या वाटेनंच शिरेत पळतं आणि पंजाला कमी पडू शकतं, शुगरवाल्यांना जास्त. बोटं गार लागली तर कळवा, दुखायला लागली किंवा निळी पडली तर रात्र असली तरी या. हात सुजू शकतो, पुढं एकाच जागी टोचून टोचून फुगे येतात, रक्त थांबेना तर बोटानं दाबून धरा आणि निघा, हृदयावर लोड येणंही होतं क्वचित. ऐकून आईचा चेहरा उतरला, पण मला बरं वाटलं, निदान कशाची भीती बाळगायची ते तरी कळलं.

अण्णांची बोटं गार पडलीच. कळवलं, तपासलं, थांबून बघू म्हणाले. दोन आठवडे आई त्यांच्या हाताला लोकरीचा पायमोजा घालायची, मग हळूहळू कमी झालं. टाके सुकल्यावर नातवाचा रबरी बॉल दाबत बातम्या बघायचे, आठव्या आठवड्यात पहिली सुई लागली. नंतर गळ्यातली नळी निघाली आणि जागा भरल्यावर चार महिन्यांनी डोक्यावरनं पाणी घेतलं, एक अख्खी बादली जास्त वापरली, कुणी काही बोललं नाही.

सर्जन आणि टेक्निशियन पाचपैकी पाच. दीड स्टार कापला तो त्या सहीच्या कागदाचा आणि कॅज्युअल्टीचा. आता तिथं बेडवर 'डावा हात वापरू नये' अशा पट्ट्या लावतात, मागच्या आठवड्यात शेजारच्या बेडला बघितली. अण्णांच्या बेडला नव्हती. मार्कर आणून थेट त्यांच्या दंडावरच लिहिलं.