कपाट बसलं, तेव्हाच कळायला हवं होतं

आमच्या झोपायच्या खोलीची बाहेरची भिंत चार इंची, एकाच विटेची. थंडीत झोपेत हात लागला तरी दचकून जाग यायची. ती आतून इन्सुलेट करून घ्यायचं, म्हणजे गारवा अडवणारा थर लावून घ्यायचं ठरवलं आणि तिथेच फसलो.

कंत्राटदार बोलायला गोड. येतानाच ५० मिलिमीटर जाडीच्या फोम शीटचा तुकडा घेऊन आला. "हातात धरून बघा ताई, ही लावणार." खालच्या कोपऱ्यात पावसाची ओल उतरायची, ती दाखवली तर म्हणाला, "बोर्ड लागला की ओल दिसणारच नाही." शब्दाला जागला, दिसली नाहीच! कोटेशनवर नुसतं ‘इन्सुलेशनसह जिप्सम बोर्ड’ (शीटवर बसवायचा, दोन्ही बाजूंनी कागद असलेला जिप्समचा तक्ता) असं होतं. जाडी लिहिलेली नव्हती आणि मीही लिहून घेतली नाही.

आम्ही दोघं कामावर असताना एका दिवसात सगळं उरकलं. संध्याकाळी भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र. उरलेले पैसे देऊन टाकले आणि कपाट जागेवर सरकवलं. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आधी जेमतेम दोन बोटांची फट होती, तरी कपाट अलगद बसलं. जागासुद्धा गेली नाही म्हणून मी खूश. ५० ची शीट आणि १२.५ चा बोर्ड मिळून सव्वासहा सेंटिमीटर होतात, ते दोन बोटांत कसे मावले, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

थंडीत खोली होती तशीच गार. वर कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. खुंटीसाठी ड्रिल लावलं तर बोर्डामागे लगेच वीट लागली. चौकोन कापून बघितला, तर काचेच्या वस्तूंना गुंडाळतात तसली चकचकीत बबल शीट, ४ मिलिमीटरची, थेट विटेला चिकटवलेली. सांध्यांना टेप नाही. मागे काळी बुरशी, बोर्डाचा कागद भिजून सुटलेला.

चकाकी उष्णता परतवते हे खोटं नाही, पण तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. वीट आणि बोर्ड यांच्यात दाबली की ते निव्वळ पातळ प्लास्टिक. शिवाय २० अंशांच्या खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या आसपास गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. उघड्या सांध्यांतून खोलीतली हवा गार विटेपर्यंत जात होती, म्हणजे आमच्याच श्वासांचं पाणी बोर्डामागे साचत होतं. भरीला पावसाची ओल होतीच.

फोन केला तर दोनदा "उद्या येतो", मग नंबर ब्लॉक. जाडी कागदावर नसल्यामुळे भांडायला मुद्दाच उरला नाही.

आता दुसऱ्याकडून करून घेतलंय. आधी बाहेरचं प्लास्टर दुरुस्त केलं, भिंत कित्येक आठवडे सुकू दिली, मगच शीट. या वेळी मी रजा घेऊन समोर उभी होते. प्रत्येक शीटच्या कडेला मेजरिंग टेप धरून फोटो काढले, सांध्यांवर टेप लागेपर्यंत बोर्ड चढवू दिला नाही. खिडकीच्या कडांनाही पातळ शीट वळवून घेतली.

कपाट तिथे मावत नाही. सध्या हॉलमध्ये आहे.