ऑपरेशननंतर पुन्हा गाठ लागली: पेट स्कॅन, एफएनएसी की कोअर बायोप्सी?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला जुन्या व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ लागली, की घरात पहिलं नाव निघतं ते पेट स्कॅनचं. ‘एकदाच काय ते कळू दे’ ही त्यामागची तळमळ समजते. तरीही माझं मत असं, की सर्जनने हात लावून तपासलं, सोनोग्राफी झाली, स्तन राखलेला असेल तर मॅमोग्राफीही झाली आणि शंका उरली, तर पुढचा पैसा आणि वेळ आधी कोअर बायोप्सीवर, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढून तपासण्यावर घालावा.

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात, त्या पडद्यावर उजळतात. कॅन्सर उजळतो, तशी साधी सूजही उजळते आणि टीबीची गाठही. आपल्याकडे टीबी कमी नाही. छातीतल्या दोन गाठी उजळल्या म्हणून ‘चौथी स्टेज’ समजून घर हादरावं आणि तुकडा तपासल्यावर टीबी निघावा, असं होऊ शकतं. उलट अगदी बारीक गाठ उजळतही नाही. कॅन्सर परतल्याचं तुकड्यावरून ठरलं, की तो आणखी कुठे आहे हे पाहायला मात्र पेट स्कॅन फार कामाचा.

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासणं. ती स्वस्त, पटकन होणारी आणि लहान गावातही मिळणारी. काखेतल्या, मानेतल्या गाठीसाठी चांगली सुरुवात. पण बारीक सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची मूळ रचना दिसत नाही. रेडिएशन घेतलेल्या जागी तर निरोगी पेशीही वेड्यावाकड्या दिसतात. मग रिपोर्टवर ‘सस्पिशियस’ (संशयास्पद) लिहून येतं आणि पुन्हा सुई. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण सर्जनची शंका कायम असेल, तर तिथे थांबू नका.

कोअर बायोप्सीत जागा बधिर करून, बहुधा सोनोग्राफीत बघत, जाड सुईने पेन्सिलीच्या शिशासारखे बारीक तुकडे काढतात. प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज होतो. तो आधी सांगितलेला असला, तर बाई दचकत नाही. ऑपरेशन-रेडिएशननंतर चरबी मरूनही टणक गाठ होते. ती चाचपून आणि कधी फोटोतही कॅन्सरसारखी वाटते. तुकड्यात फरक कळतो.

आणि कॅन्सरच निघाला, तर याच तुकड्यांवर ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी रिसेप्टरं) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) पुन्हा तपासता येतात. ‘ते तर मागेच झालं होतं’ म्हणून ही तपासणी टाळू नका. परतलेल्या कॅन्सरमध्ये हे बदललेले असू शकतात: मागे निगेटिव्ह असलेला हर-टू आता पॉझिटिव्ह, किंवा ईआर गेलेला. औषधं त्यावरच ठरतात. तुकडे लगेच फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवेत आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवेत, नाहीतर या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

‘सुई लावली की पसरतो’ या भीतीपायी कितीतरी बायका महिने घालवतात, याचं फार वाईट वाटतं. स्तनात सुईच्या वाटेवर पेशी रुजून त्रास होणं अगदी विरळ; निदान लांबल्याचं नुकसान खरं.

गाठ फुप्फुसात असेल तर प्रश्न आणखी वेगळा. ती स्तनातून आलेली, की फुप्फुसाचाच नवा कॅन्सर? इथे टीटीएफ-१, गाटा-३ अशा चाचण्या तुकड्यावर करून उगम शोधतात. रेडिएशन झालेल्या कातडीवर काही वर्षांनी निळे-जांभळे चट्टे उठले, तर मार लागला असेल म्हणून सोडू नका. क्वचित तो रक्तवाहिन्यांचा वेगळाच कॅन्सर असतो आणि तिथे कातडीचाच तुकडा तपासावा लागतो.

बायोप्सीची तारीख मिळाली, की पहिल्या ऑपरेशनच्या रुग्णालयातून जुने मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले जुन्या गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही: पॅथॉलॉजिस्टला जुनी आणि नवी गाठ शेजारी ठेवून पाहता आली, तर जुनाच आजार परतला की नवा सुरू झाला हे सांगणं त्यांना पुष्कळ सोपं जातं.