हेडसेट की गुंगी? मुलाच्या छोट्या प्रक्रियेआधी ठरवताना

माझ्या सात वर्षांच्या भाचीच्या कोपरात हाड जोडायला घातलेल्या तारा काढायच्या होत्या. गुंगी देऊन काढू, नाहीतर व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) लावून जागेपणीच काढू, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही हेडसेट निवडला. त्याचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा, सारखा घसरायचा. शेवटी सिस्टरांनी तो हाताने धरून ठेवला. तार निघताना ती एकदा "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हेडसेटमधले मासे मोजू लागली. अर्ध्या तासात कॅन्टीनमध्ये इडली खात होती.

गुंगीत एवढ्या लवकर सुटका नसते. हलका नाश्ताही सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी. औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर, जवळ ऑक्सिजन आणि नीट जाग येईपर्यंत देखरेख. मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध दिल्यावर काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी उलट चवताळतात. तरीही गुंगीला वाईट ठरवू नका. एमआरआयमध्ये मूल बराच वेळ निश्चल राहायला हवं आणि साधा हेडसेट त्या खोलीत नेताच येत नाही. फार तर आदल्या दिवशी त्यावर 'मशीनच्या आत' पडून राहण्याचा सराव करून घेता येतो. मोठ्या मुलांना तेवढंही पुरतं.

हेडसेटची खरी जागा रक्त काढणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग अशा कामांत आहे. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी हेडसेटमधल्या खेळात, बर्फाच्या दरीत गोळे फेकायला लावले. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं. ते खेळात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. पण तिथेही वेदनाशामक चालूच होतं, हे विसरू नका. सलाईनसाठीही बधिर करणारं मलम तासभर आधी लावून घ्याच, हेडसेट असो वा नसो.

पुरावा अजून कच्चा आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून पारखणारी ही संस्था) ४ ते १८ वर्षांच्या १००८ मुलांवरच्या १७ चाचण्या तपासल्या, पण ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणून माझं मत सरसकट हेडसेटच्या बाजूने नाही. फिट येणारं, डोक्याला मार लागलेलं किंवा चेहरा भाजलेलं मूल असेल तर तो नकोच. अगदी लहानग्यांना तो बसतही नाही. आणि काही मुलांना सुई डोळ्यांनी पाहायची असते. त्यांचे डोळे झाकले तर भीती दुप्पट होते. मुलाला विचारा.

आदल्या दिवशी डॉक्टरांनाही एक गोष्ट विचारून ठेवा: हेडसेट जमला नाही तर त्याच दिवशी गुंगी देणार का? देणार असतील, तर सकाळचं दूध-बिस्किट द्यायचं की नाही ते आधीच कळायला हवं.