श्रद्धेवर हुकूम कोणाचा? कॉन्स्टँटिनोपल आणि बगदाद
कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचा सम्राट तिसऱ्या लिओने ७३० मध्ये येशू-संतांच्या पवित्र चित्रांची पूजा बंद केली. विरोध करणारे पॅट्रिआर्क (तिथल्या चर्चचे प्रमुख) जर्मानोस पदावरून गेले. खलिफा मामूनने ८३३ मध्ये बगदादच्या काझी-विद्वानांना एकच प्रश्न विचारायला लावला: कुराण निर्मित आहे, म्हणजे अनादि नसून देवाने निर्माण केलेलं आहे, हे मान्य आहे का?

श्रद्धेवर हुकूम चालवण्याचा दोघांचा हेतू सारखा असला तरी हाताशी असलेली साधनं वेगळी होती. बायझंटाइन सम्राटाकडे बिशपांची उतरंड होती आणि धर्मपरिषद बोलावण्याचा जुना रिवाजही. ७५४ च्या परिषदेने मूर्तिभंजनावर, म्हणजे चित्रबंदीवर, मान्यतेचा शिक्का मारला, ७८७ च्या परिषदेने तो पुसला. दोन्ही राजदरबारानेच बोलावलेल्या! गंमत म्हणजे चित्रांची सर्वात ठाम बाजू मांडणारा दमास्कसचा योहान राहत होता मुसलमानी राज्यात, सम्राटाच्या हाताबाहेर.

बगदादमध्ये अशी उतरंडच नव्हती. उलेमांचा, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांचा, मान त्यांच्या विद्येतून आणि शिष्यांतून येई, नेमणुकीतून नव्हे. मग एकेकाला बोलावून उलटतपासणी घ्यायची, एवढंच उरलं. बरेच जण नमले. अहमद इब्न हनबल मात्र नमले नाहीत; मामूननंतरचा खलिफा मुअतसिमच्या काळात त्यांनी चाबकाचे फटके खाल्ले आणि बाहेर आले ते लोकांचे इमाम होऊन. पुढे खलिफा मुतवक्किलने ही चौकशीच गुंडाळली.

माझ्या मते खलिफाची हार मोठी. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ७८७ नंतर बंदी पुन्हा आली होती; ८४३ मध्ये चित्रं परत आणली तीही सम्राज्ञी थिओडोराने, म्हणजे राजवाड्यानेच. बगदादमध्ये मात्र सिद्धांत ठरवण्याचा अधिकार उलेमांकडे गेला.