चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट : सपाट आहे, म्हणून सोपी नाही

वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागातून निघून पोटोमॅक नदीच्या डाव्या काठाने मेरिलँड राज्यातील कंबरलंडपर्यंत जाणारी चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर लांब आहे. कालव्यातील मालवाहू होड्या दोराने ओढणाऱ्या खेचरांसाठी ती बांधली गेली. या वाटेला टोपाथ म्हणतात आणि ग्रॅव्हल सायकलवर, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी केलेल्या रुंद टायरच्या सायकलवर, सामान लादून काही दिवसांच्या सफरीला निघणाऱ्यांना ती चांगली परिचित आहे. तिच्या बहुतेक वर्णनांत ती सपाट असल्याचे आवर्जून सांगितलेले असते. ते खरेच आहे, परंतु त्यावरून ती सोपी असावी असा जो अर्थ लावला जातो तो मला मान्य नाही. येथे दमछाक होते ती चढामुळे नव्हे, जमिनीमुळे. आणि जमीन कशी मिळेल हे नकाशापेक्षा आदल्या दोन-तीन दिवसांच्या पावसावर ठरते.

आधी चढाविषयी, कारण तो विषय लवकर संपतो. दोन्ही टोकांच्या उंचीत ६०५ फुटांचा, म्हणजे सुमारे १८४ मीटरचा फरक आहे आणि तो ७४ लॉकांमध्ये विभागलेला आहे. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला दगडी हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून होडीची पातळी वरखाली केली जाई. एका लॉकची उंची सरासरी आठ फूट असल्यामुळे ही वाट पाण्याच्या जिन्यासारखी आहे : मैलोगणती सपाट पायरी, मग लॉकच्या कडेने सायकलच्या दोन-चार पॅडलमध्ये संपणारा लहानसा चढ, की पुन्हा सपाटी. त्यामुळे कंबरलंडहून वॉशिंग्टनकडे यावे की उलट जावे, हा निर्णय उतारासाठी घेण्यात अर्थ नाही. वारा आणि परतीची सोय पाहून तो घ्यावा. सपाटीचा एक तोटा मात्र क्वचितच सांगितला जातो. येथे पाय थांबवून सायकल आपोआप पुढे जाऊ देण्याची संधी जवळजवळ मिळत नाही, बसण्याची ढब तासन् तास बदलत नाही, आणि दिवसअखेर मांड्यांपेक्षा तळहात व बैठक अधिक दुखते. हँडलवर हात ठेवण्याच्या जागा बदलता येणारी सायकल येथे उपयोगी पडते ती याच कारणासाठी.

आता जमीन. टोपाथ बांधला तेव्हा त्याची रुंदी १२ फूट ठेवलेली होती आणि तो बव्हंशी कालव्यासाठी खणलेल्या मातीच्याच बांधावरून जातो. कालव्यातील पाणी झिरपून नदीत जाऊ नये म्हणून त्याला चिकणमातीचे अस्तर दिले जाई. म्हणजे ही सगळी रचनाच मुळात पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेवाळलेले डबके होऊन राहिलेला जुना कालवा आणि डोक्यावर झाडांचे दाट छत, अशा जागी पडलेला पाऊस लवकर वाळत नाही. अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उद्यान सेवेने टप्प्याटप्प्याने बारीक खडीचा नवा थर देऊन बरेच तुकडे सुधारले आहेत आणि तेथे सायकल खरोखर छान पळते. परंतु हा थर सलग नाही. तो संपला की मधे गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या असा जुना मातीचा रस्ता लागतो. कोरड्या दिवसांत त्यावर मुळांचे हिसके बसतात आणि ओल्या दिवसांत त्याच चाकोऱ्यांत पाणी साचते. वेगाचा अंदाज बांधताना या तुकड्यांचा वेग हिशेबात धरावा, खडीच्या तुकड्यांचा नव्हे.

टायरच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे, शक्यतो ट्यूबलेस टायर आणि कमी हवा, एवढे असले तर सायकल कोणत्या कंपनीची आहे याने फारसा फरक पडत नाही. कोरड्या आठवड्यात ३२ मिलिमीटरवरही निभावते, पण तेव्हा लक्ष नदीकडे कमी आणि मुळांकडे जास्त राहते. पुढचे सस्पेन्शन हे मला येथे अनावश्यक ओझे वाटते. मडगार्ड लावायचे तर टायर आणि मडगार्ड यांच्यात भरपूर फट हवी, कारण येथील चिखलात सडलेली पाने आणि काटक्या मिसळलेल्या असतात आणि तो लगदा अरुंद जागेत ठासून बसला की चाक फिरेनासे होते. डिस्क ब्रेकचे पॅड पावसाळी सफरीत अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. पॅडचा एक जादा जोड जवळ असावा.

सोयींच्या बाबतीत मात्र ही वाट इतकी उदार आहे की जमिनीबद्दलची बरीचशी तक्रार विसरावी. साधारण पाच ते आठ मैलांच्या अंतराने केवळ पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी राखलेले तळ आहेत. तेथे तंबूसाठी जागा, टेबल, शौचालय आणि हातपंप असतो. शुल्क नाही, आगाऊ नोंदणी नाही, जो आधी येईल त्याला जागा. हातपंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेले असते, त्याची चव सर्वांना रुचत नाही, आणि हिवाळ्यात पंप बंद ठेवले जातात. कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. आपला कचरा आपणच वाहून न्यायचा. छप्पर हवे असल्यास लॉक राखणाऱ्यांच्या जुन्या घरांपैकी काही रात्रभर भाड्याने मिळतात. खाण्याचे नियोजन पूर्व भागात सैल ठेवले तरी चालते, परंतु जॉर्जटाउनपासून १२४ व्या मैलावरील हॅनकॉक हे गाव सोडल्यानंतर कंबरलंडपर्यंतच्या ६० मैलांत वस्ती फार विरळ आहे. तेथे पिशवीत एक दिवसाचे अन्न असणे हा शहाणपणा नव्हे, गरज आहे.

पाहण्यासारखे काय, याचे उत्तर वाटेच्या दोन टोकांना अगदी वेगळे आहे. जॉर्जटाउनपासून १४ मैलांवरील ग्रेट फॉल्स सुंदर आहे, पण सुटीच्या दिवशी तेथे एवढी गर्दी असते की घंटी वाजवण्यातच वेळ जातो. ४२ व्या मैलावरील मोनोकसी जलसेतू १८३३ मध्ये पूर्ण झाला. सात कमानींवरून एका नदीच्या डोक्यावरून दुसरे पाणी नेण्याची ही कल्पना दगडात पाहताना थांबावेसे वाटते. नियमानुसार जलसेतूंवर सायकल हातात धरूनच चालायचे असते, त्यामुळे थांबणे आपसूक होतेच. माझ्या मते मात्र सर्वांत देखणा तुकडा चौथ्या धरणाच्या वर, बिग स्लॅकवॉटर येथे आहे. धरणामुळे नदी संथ झालेली असल्याने तेथे कालवा खणलाच नाही. होड्या नदीच्या पात्रात उतरत आणि खेचरे कड्याला चिकटून चालत. पुरांनी उद्ध्वस्त झालेली ती वाट काँक्रीटची बांधून २०१२ मध्ये पुन्हा खुली झाली. कडा आणि पाणी यांच्यामधून सायकल चालवण्याचा असा अनुभव उरलेल्या वाटेवर कुठेच नाही.

१५५ व्या मैलाजवळचा पॉ पॉ बोगदा हे दुसरे टोक. नदीची सहा मैलांची वळणे टाळण्यासाठी ३,११८ फुटांचा, म्हणजे सुमारे ९५० मीटरचा हा बोगदा १८३६ मध्ये खणायला घेतला आणि १८५० मध्ये वापरात आला. आत दिवे नाहीत, वाट अरुंद आणि उंचसखल आहे, एका बाजूला कठडा आणि त्याखाली काळे पाणी. येथे चांगला दिवा लावून सायकल ढकलत चालावे. ज्या कामाला इतकी वर्षे लागली त्या काळात रेल्वेने बाजी मारली, हेही येथेच उमजते : कालवा आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे या दोन्हींच्या कामाचा आरंभ ४ जुलै १८२८ या एकाच दिवशी झाला, रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली आणि कालवा आठ वर्षांनी. ओहायोपर्यंत तो कधीच गेला नाही, आणि १९२४ च्या पुरानंतर त्यावरील वाहतूक थांबली. पुढे या पट्ट्यातून मोटाररस्ता काढण्याचा बेत होता. त्याला विरोध म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये ही वाट चालले आणि १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. सायकलस्वारांनी त्या न्यायमूर्तींचे ऋण मानायला हवे.

पावसात सापडल्यास काय करावे, याचे उत्तर हॅनकॉकच्या आसपास उपलब्ध आहे. तेथे टोपाथला समांतर वेस्टर्न मेरिलँड रेल ट्रेल ही डांबरी वाट फोर्ट फ्रेडरिकच्या परिसरापासून लिटल ऑर्लीन्सपर्यंत सुमारे २८ मैल जाते. तिच्यावरील इंडिगो बोगदा वटवाघळांसाठी राखलेला असल्याने तेवढ्या भागात टोपाथवर उतरावे लागते, पण बाकी प्रवास कोरड्या चाकांनी होतो. कालव्याचे अवशेष हुकतात हे खरे. तरीही दोन दिवसांच्या चिखलानंतर या डांबराला नाके मुरडणारा प्रवासी मला विरळाच वाटतो.

कंबरलंडहून पुढे पिट्सबर्गपर्यंत जाणारी ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही १५० मैलांची वाट अनेक जण याच सफरीला जोडतात आणि मग तुलना अटळ ठरते. ती जुन्या रेल्वेमार्गावर चुनखडीची बारीक कच पसरून केलेली आहे. रेल्वेचा भराव पाणी निचरून जावे अशाच बेताने घातलेला असतो, त्यामुळे ज्या पावसाने टोपाथचा राडा होतो त्याच पावसानंतर तेथे सायकल सुरळीत चालते. म्हणून दोन्ही वाटा एकत्र करणाऱ्यांनी दररोजचे अंतर दोन्हीकडे सारखे धरू नये. पिट्सबर्गहून येणाऱ्यांना २,३९२ फुटांवरील पाणलोट-विभाजक, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहते तो उंचवटा, ओलांडल्यावर कंबरलंडपर्यंत २४ मैलांचा सलग उतार मिळतो आणि तेथे लागलेली वेगाची सवय दुसऱ्या दिवशी मातीवर त्रास देते. रुळायला अर्धा दिवस जातो. उलट दिशेने जाणाऱ्यांनी त्या चढावरील बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो हे लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात, आणि टोपाथवरील कोणता तुकडा पुरामुळे किंवा दुरुस्तीसाठी बंद आहे हे उद्यानाच्या सूचनांत निघण्याच्या दिवशीच पुन्हा पाहून घ्यावे.